भाषांतराचं बटण कुणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात लातूरला बहिणीकडं गेलो होतो. भाची बारावी होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला लागलेली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला दोनच दिवस उरले होते. घरच्या मोबाइलवर फॉर्म नीट उघडेना म्हणून आम्ही दोघं गंजगोलाईजवळच्या एका नेट कॅफेत गेलो. तिनं नाव, पत्ता, कॉलेज सगळं भरलं आणि एका रकान्यापाशी अडकली. मला म्हणाली, "मामू, ये समस्या की तारीख कौनसी लिखू? अब्बा का काम छुट्या सो तारीख डालू क्या?"

मी स्क्रीनकडं पाहिलं. वर उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक विचारला होता आणि त्याच्याखाली मराठीत लिहिलं होतं, 'समस्येची तारीख'. क्षणभर मलाही कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मूळ इंग्रजीत 'डेट ऑफ इश्यू' असणार, म्हणजे दाखला दिल्याची तारीख. यंत्रानं 'इश्यू'ची समस्या करून टाकली होती आणि माझ्या भाचीनं त्यात आपल्या घरची समस्या वाचली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचं काम सुटलं. आपलं उत्पन्न कधीपासून घटलं हे सरकार विचारतंय, अशी तिची समजूत झाली. तिचं काय चुकलं? जे लिहिलं होतं त्याचा मराठीत तोच अर्थ होतो.

मग वर नीट पाहिलं. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी 'ताजे' असा पर्याय होता. 'अर्ज करा' असायला हवं तिथं 'लागू करा' होतं. कॅफेतल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "चाचा, कुणीतरी मागं ऑन करून गेलं असंल बघा. ते तसंच राहतंय." त्यानं वरच्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली आणि पान इंग्रजीत आलं. भाचीनं ते सरळ वाचलं आणि पाच मिनिटांत फॉर्म पुरा केला.

ही मुलगी मराठी माध्यमात शिकली. कामापुरतं इंग्रजी तिला येतं. घरात दखनी बोलते, अरबी अक्षरं ओळखते. चार भाषांत तिचा वावर आहे. त्या दिवशी तिच्यासमोर पाचवीच भाषा आली होती, जी कुणाच्याच घरात बोलली जात नाही. आणि ती तिनं मागितलेली नव्हती. आधी त्या खुर्चीवर बसून गेलेल्या कुणीतरी 'नेहमी भाषांतर करा' यावर बोट ठेवलं होतं. त्याचं बोट, आणि भोगणार माझी भाची.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. भाषांतर वाईट नाही. वाचणाऱ्यानं स्वतः मागितलेलं, मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचलेलं भाषांतर ही मोठी सोय आहे. न विचारता आलेलं, मूळ झाकून टाकणारं आणि चुकलं तर कुणीच जबाबदार नसलेलं भाषांतर ही फसवणूक आहे. या दोहोंमध्ये फक्त एका बटणाचं अंतर आहे, आणि ते बटण आपण दुसऱ्यांच्या हाती सोडून दिलं आहे.

आता उलट बाजूची गोष्ट सांगतो. काही महिन्यांपूर्वी मी 'खुला' या विषयावर मराठीत लिहिलं होतं. इतर वाचकांसाठी सांगतो, लग्नातून बाहेर पडण्याची मागणी जेव्हा बायकोकडून होते तेव्हा त्या प्रकाराला इस्लामी कायद्यात खुला म्हणतात. तो स्त्रीचा हक्क आहे, पण आपल्या समाजात पुष्कळ बायकांना तो ठाऊकच नसतो, असा माझा मुद्दा होता. चार दिवसांनी मला इंग्रजीत एक रागीट निरोप आला. लिहिणारा मूळचा नांदेडच्या देगलूर नाक्याचा, सध्या आखातात नोकरीला. त्याचं म्हणणं, मुसलमान बाईनं उघडं असणं हा तिचा हक्क आहे असं तुम्ही लिहूच कसं शकता? सोबत त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला होता. त्याच्या फोननं माझा लेख परस्पर इंग्रजीत केला होता आणि 'खुला'चं केलं होतं 'ओपन'.

मी त्याला विचारलं, "भाई, आपण नांदेडला कुठल्या शाळेत होतात?" तो दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला निघाला. म्हटलं, मग लेख मराठीत का वाचला नाहीत? म्हणाला, "मेरे सामने इंग्लिश में ही आया." लेख मराठीत आहे हेच त्याला कळलं नव्हतं. मूळ वाचल्यावर त्यानं माफी मागितली. पण ज्यांनी तसंच वाचलं, मनातल्या मनात मला शिव्या दिल्या आणि पान बंद केलं, त्यांचं काय? त्यांच्या लेखी मी जे लिहिलंच नाही ते लिहून बसलो आहे.

ब्राउझर हे करतो तरी कसं? पान उघडताना तो दोन गोष्टींचा आधार घेतो. पान कुठल्या भाषेत आहे याची खूण ते पान बनवणाऱ्यानं मांडणीत लिहून ठेवायची असते. ती खूण नसेल किंवा चुकीची असेल तर प्रत्यक्ष मजकुरावरून अंदाज बांधला जातो. आपल्याकडच्या कित्येक मराठी पानांवर ती खूण नसते, किंवा परदेशी साचा तसाच उचलल्यामुळं तिथं इंग्रजीची खूण राहून गेलेली असते. देवनागरी लिपी मराठीची आहे तशी हिंदी आणि नेपाळीचीही आहे. त्यामुळं छोट्या मजकुरात मराठीला हिंदी समजण्याची चूक सहज होते. त्यात आमच्यासारख्याच्या लेखात निकाह, मेहर, इद्दत, हक्क असे शब्द आले की विचारायलाच नको. "तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं बोलता?" हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो. आता यंत्रही जवळपास तेच विचारतं.

ही सोय काही काल आलेली नाही. क्रोम ब्राउझरमध्ये पानाचं भाषांतर २०१० साली आलं. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी नवी, जास्त सफाईदार पद्धत लागू झाली. भाषांतर खरोखरच सुधारलं आहे, हे मान्य करायला हवं. पण सुधारल्यामुळं धोका कमी झालेला नाही. पूर्वी वाक्य इतकं मोडकं असायचं की यंत्राचं काम आहे हे पोरालाही कळायचं. आता वाक्य गुळगुळीत येतं, व्याकरण सरळ असतं, आणि मधला एकच शब्द चुकलेला असतो. तो चुकला आहे हे कळायला मूळ भाषा यावी लागते. आणि मूळ येत असती तर भाषांतर कशाला लागलं असतं?

हे फक्त फॉर्म आणि लेखांपुरतं आहे असं कुणाला वाटत असेल तर २०१७ च्या ऑक्टोबरमधली घटना आठवावी. पश्चिम किनारपट्टीत बांधकामावर काम करणाऱ्या एका पॅलेस्टिनी मजुरानं बुलडोझरशेजारी उभं राहून काढलेला फोटो फेसबुकवर टाकला आणि अरबीत सकाळचा सलाम लिहिला. फेसबुकच्या आपोआप भाषांतरानं हिब्रूत त्याचा अर्थ 'त्यांच्यावर हल्ला करा' असा लावला. इस्रायली पोलिसांनी त्याला पकडून नेलं. पकडण्याआधी अरबी वाचता येणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला ती ओळ दाखवली गेली नाही. काही तासांनी तो सुटला, कंपनीनं माफी मागितली. पुढं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्रामवर काहींच्या ओळखीच्या ओळीत 'पॅलेस्टिनी' आणि 'अलहम्दुलिल्लाह' एवढंच असताना इंग्रजी भाषांतरात 'दहशतवादी' हा शब्द आला. पुन्हा माफी.

आणि हे फक्त मुसलमानांच्याच वाट्याला येतं असंही नाही. उदगीर-देगलूरच्या शेजारी कर्नाटक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये अभिनेत्री बी. सरोजादेवी वारल्या. मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली, त्याची कन्नड नोंद फेसबुकवर आली. आपोआप झालेल्या इंग्रजी भाषांतरात खुद्द मुख्यमंत्रीच वारले. मुख्यमंत्री असल्यामुळं त्यांनी कंपनीला पत्र पाठवलं, भाषांतर भरवशाचं होईपर्यंत कन्नडचं आपोआप भाषांतर थांबवा अशी मागणी केली, आणि कंपनीनं माफी मागून दुरुस्ती केली. माझ्या भाचीनं कुणाला पत्र लिहायचं?

आपण मराठवाड्याची माणसं. दुसऱ्याच्या भाषेतली कचेरी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा निजामाच्या राज्यात होता. दरबाराची, कोर्टाची, महसुलाची भाषा उर्दू. कंधारच्या मराठी शेतकऱ्याला अर्ज करायचा तर अर्जनवीस गाठावा लागायचा. त्यानं काय लिहिलं हे शेतकऱ्याला कळायचं नाही. अंगठा मात्र शेतकऱ्याचा. आणि हेही लक्षात घ्या, खेड्यातल्या गरीब मुसलमानालाही ती कचेरीतली उर्दू कळत नव्हती. तो घरात दखनी आणि शिवारात मराठी बोलणारा. राजा आपल्या धर्माचा होता म्हणून कचेरी आपल्या भाषेची झाली नाही. आज पानावरचं आपोआप भाषांतर हा नवा अर्जनवीस आहे. फरक इतकाच की जुना अर्जनवीस कचेरीबाहेर बसलेला सापडायचा, त्याला जाब विचारता यायचा.

त्याच राज्यातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालं. त्याआधी वर्षभर दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं खातं उभं केलं गेलं. तिथं विज्ञान, कायदा, इतिहास यांची इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी जाणकार माणसं बसवली. एकेका पारिभाषिक शब्दावर चर्चा व्हायची. भाषांतरकाराला नाव होतं, जबाबदारी होती. उत्तम काम होतं ते. पण त्याच राज्यातल्या मराठी, तेलुगू, कन्नड पोरांना आपल्या भाषेत उच्च शिक्षण नव्हतंच. या एकाच गोष्टीतून दोन धडे मिळतात. भाषांतर ही माणसानं जबाबदारीनं करायची गोष्ट आहे. आणि कुणाला कुठली भाषा वाचायला लावायची हे वरून ठरवलं की अन्याय होतो, ठरवणारा कुणीही असो.

तो इतिहास संपलाय असंही नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातली निजामकाळची दप्तरं उघडली. आरक्षणाच्या वादात कोण बरोबर हा इथला विषय नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ती दप्तरं उर्दूत आणि मोडीत होती. एका अक्षरावर कुणाचा दाखला ठरणार होता. तिथं फोन धरून बटण दाबा, असं कुणी म्हटलं नाही. उर्दू वाचणारी माणसं आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. जिथं खरोखर पणाला काही लागलेलं असतं, तिथं माणूस लागतो, हे सरकारलाही कळतं.

आपल्या समाजापुढं असाच प्रसंग वक्फच्या मिळकतींबाबत आला. कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ६ जून २०२५ ला 'उम्मीद' हे केंद्रीय पोर्टल सुरू झालं आणि नोंदलेल्या वक्फ मिळकतींची माहिती भरायला सहा महिने दिले गेले. मराठवाड्यात या जमिनींची मुळं निजामकाळच्या मुंतखबात, म्हणजे इनामाच्या अधिकृत उताऱ्यात असतात. ते उर्दूत. सातबारा मराठीत. मुंतखबात 'मशरूतुल खिदमत' असा शब्द येतो. मशिदीची, दर्ग्याची सेवा करण्याच्या अटीवर दिलेली जमीन, असा त्याचा अर्थ. ती सेवा करणाऱ्याच्या खासगी मालकीची होत नाही. या एका शब्दावर पिढ्यानपिढ्या दावे चालले आहेत. असा शब्द यंत्राच्या भरवशावर सोडून कुणी फॉर्म भरला असेल तर त्यानं काय गमावलं हे त्याला वीस वर्षांनी कोर्टात कळेल.

आता मला ज्यांच्याशी भांडायचं आहे त्यांच्याकडं वळतो. ते तीन पक्ष आहेत.

पहिला पक्ष मराठीच्या कडव्या अभिमान्यांचा. ते म्हणतात, ही भाषांतराची भानगड कायमची बंद करा, मराठी माणसानं मराठीच वाचावं. बोलायला सोपं आहे. औशाच्या शेतकऱ्याला सोयाबीनवरच्या एखाद्या रोगाची माहिती इंग्रजी पानावर मिळत असेल तर त्यानं ती वाचू नये? नांदेडच्या एखाद्या आईला लेकराच्या दुखण्याबद्दल डॉक्टर दोन मिनिटांत जे सांगून मोकळा झाला ते समजून घ्यायचं असेल, आणि मराठीत त्यावर धड चार ओळी नसतील, तर तिनं काय करायचं? मी स्वतः अरबी वर्तमानपत्रांची पानं भाषांतर लावून वाचतो. गाझात काय चाललंय हे दिल्लीच्या वाहिन्यांवरून कळून घेण्यापेक्षा ते बरं. बटण बंद करा असं सांगणारे बहुधा इंग्रजी येणारे असतात. त्यांचं काही अडत नाही.

दुसरा पक्ष साहेबांचा, आणि खरं भांडण यांच्याशी आहे. 'आता प्रत्येक मोबाइलमध्ये ट्रान्सलेट आहे, वेगळं मराठी पान कशाला?' हे वाक्य मी कचेऱ्यांत, कॉलेजांत, बँकांत ऐकलं आहे. महाराष्ट्रात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. आणि प्रत्यक्षात अर्ज इंग्रजीत टाकायचा, मराठीची जबाबदारी वाचणाऱ्याच्या फोनवर ढकलायची. हे मराठीकरण म्हणायचं? वाचणाऱ्याची सोय लिहिणाऱ्याची सबब झाली आहे. भाषांतर चुकलं तर साहेब म्हणणार, आमचं पान इंग्रजीत होतं, बरोबर होतं. कंपनी म्हणणार, आम्ही अचूकतेची हमी दिलेली नाही. अर्ज नामंजूर होणार तो मुलीचा.

याच देशात याहून बरी रीत आहे. लातूरला ती घरोघरी माहीत असायला हवी, कारण अख्खं गाव नीटच्या परीक्षेवर चालतं. नीटची प्रश्नपत्रिका मराठी आणि उर्दूसह तेरा भाषांत निघते. मराठी निवडणाऱ्या मुलाला शेजारी इंग्रजी प्रश्नही छापून मिळतो आणि भाषांतरात घोटाळा निघाला तर इंग्रजी प्रत अंतिम धरतात. इंग्रजीलाच शेवटचा शब्द का, हे वेगळं भांडण आहे. पण त्यात एक शहाणपण आहे: मूळ शेजारी असतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मराठीत उपलब्ध होतात तेव्हाही, हे भाषांतर पक्षकाराला समजण्यापुरतं आहे आणि अधिकृत प्रत इंग्रजी आहे, अशी सूचना सोबत असते. म्हणजे ज्यांना भाषांतराचं मोल कळतं ते भाषांतरावर 'भाषांतर' असं लिहून ठेवतात. ब्राउझरवरही वर एक बारीक पट्टी येते. पण मोबाइलवर ती क्षणात निघून जाते, आणि मागं राहतं ते पान मूळचंच वाटतं.

तिसरा पक्ष आपल्याच घरातला. त्यांच्याबद्दल लिहिताना मला जास्त त्रास होतो. ते म्हणतात, मुलं इंग्रजी शाळेत आहेत, दीन उर्दूत आहे, मराठी लागली तर फोन सांगेल. ज्या भाषेत सातबारा आहे, पोलीस ठाण्याचा जबाब आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आहे, शेजाऱ्याचं सुखदुःख आहे, ती भाषा फोनवर सोपवायची? आणि उर्दूचं तरी काय केलं आपण? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिली म्हणून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं फलक कायम ठेवला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे हे स्पष्ट केलं. आपण आनंद साजरा केला. पण त्याच आठवड्यात आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर धार्मिक मजकुराचं यंत्राकडून केलेलं मराठी फिरत होतं, ज्यात रोजाला 'जलद' म्हटलं होतं. इंग्रजीत उपवासाला आणि वेगाला एकच शब्द आहे, म्हणून. कुणी हसलं नाही, कुणी दुरुस्त केलं नाही, सगळ्यांनी पुढं पाठवलं. कुराणाचं मराठी भाषांतर करणाऱ्या माणसांनी त्यासाठी आयुष्यातली वर्षं घातली. त्यांचं पुस्तक घरात नाही, आणि यंत्राचं वाक्य हातोहात फिरतं.

एक गोष्ट आणखी कडू आहे. यंत्राला 'खुला' कळला नाही यात त्याचा एकट्याचा दोष नाही. ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरातून शिकतात. खुला, मेहर, इद्दत, वक्फ हे शब्द मराठी वाक्यांत, मराठी माणसानं, समजावून लिहिलेले किती सापडतात? १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. आमचं जगणं मराठीत आहे, ते मराठीत लिहिलं गेलं पाहिजे, हीच त्यामागची तळमळ होती. इतकी वर्षं गेली. लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके राहिले. जे लिहिलंच गेलं नाही ते माणूसही शिकणार नाही आणि यंत्रही.

मग करायचं काय? मी जे करतो ते सांगतो.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये भाषांचा भाग असतो. तिथल्या यादीत मराठी घाला आणि मराठी पानाचं भाषांतर कधीच नको असं नोंदवा. उर्दू, हिंदी, इंग्रजी, जी जी भाषा तुम्हाला वाचता येते तिच्यासाठी तेच करा. ज्या भाषा येत नाहीत त्यांच्यासाठी 'विचारा' एवढंच ठेवा. 'नेहमी भाषांतर करा' हे कुठल्याच भाषेला लावू नका. स्वतःच्या फोनवर नको, आणि नेट कॅफेत, सेवा केंद्रात, कॉलेजच्या लॅबमध्ये तर मुळीच नको. तिथं बसलात की फॉर्म भरण्याआधी वरची पट्टी बघा, भाषांतर चालू असेल तर बंद करा.

समजून घेण्यासाठी भाषांतर खुशाल लावा, पण फॉर्म भरताना मूळ पानावर परत या. काही फॉर्ममध्ये यादीतून निवडलेला शब्द जसाच्या तसा पुढं जातो. पान भाषांतरित असेल तर यंत्राचा शब्द तुमच्या नावानं जाऊ शकतो. काही पानं भाषांतर लावल्यावर मधेच मोडतात, बटण चालत नाही. शेवटच्या दिवशी असं झालं की 'सर्व्हर डाऊन' म्हणून आपण सरकारला बोल लावतो.

आजाराचे रिपोर्ट, बँकेचं पान, कोर्टाचे कागद यांवर भाषांतर लावण्याआधी दोनदा विचार करा. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये भाषांतरासाठी पानावरचा मजकूर कंपनीच्या यंत्रांकडं जातो. फायरफॉक्सनं २०२३ पासून तुमच्याच यंत्रावर भाषांतर करायची सोय आणली, म्हणजे हे वेगळ्या पद्धतीनं करता येतं हे सिद्ध झालेलं आहे.

जे मराठीत काही लिहून प्रसिद्ध करतात त्यांनी आपल्या पानावर मराठीची खूण लावून घ्यावी. पान बनवणाऱ्या पोराला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. मीही 'खुला'च्या प्रकरणानंतरच ते केलं, हे कबूल करतो. आणि ज्या शब्दाचा दुसराच अर्थ निघू शकतो तो एकदा तरी समजावून लिहा. आता मी तसं करतो.

आणि साहेबांकडं मागणी एकच. नागरिकाला भरायला लावता तो प्रत्येक फॉर्म माणसानं लिहिलेल्या, माणसानं तपासलेल्या मराठीत द्या, आणि शेजारी मूळ इंग्रजी ठेवा. त्याखाली जबाबदार खात्याचं नाव असू द्या. भाषांतर चुकल्यामुळं अर्ज चुकला असेल तर तो फेटाळता येणार नाही, दुरुस्तीसाठी परत द्यावा लागेल, असा नियम करा.

भाचीचा अर्ज वेळेत गेला. कॅफेतून निघताना ती त्या पोराला म्हणाली, "भैया, हे बाकीच्या मशीनवर पण बंद करा ना." तो म्हणाला, करतो. ती उभीच राहिली. पाचही मशीनवर त्यानं ते बंद केलं तेव्हा ती बाहेर आली. शिष्यवृत्ती मिळते की नाही ते अजून कळायचं आहे. पण त्या संध्याकाळी त्या खुर्च्यांवर जे कुणी बसलं असेल, त्याला निदान जे लिहिलं होतं तेच वाचायला मिळालं. तुमच्या गल्लीतल्या कॅफेत, पोरांच्या लॅबमध्ये, घरातल्या फोनवर ते चालू आहे की बंद, हे आज बघून घ्या.